तीन महिन्यांची गुपचिळी

सकाळी नऊच्या सुमारास लाँड्रीच्या मागच्या खोलीत धाकटी सून ओल्या चादरींची टोपली उचलत होती आणि सासूबाई खुर्चीत बसून लक्ष ठेवत होत्या. चादरींवर नव्हे, सुनेच्या तोंडावर. उलटी आली तर मोरीत जाऊन, नळ सोडून, आवाज न करता करायची असा हुकूम होता. दिवस गेले की तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला कळता कामा नये, नाहीतर म्हणे दृष्ट लागते. जणू गल्लीला दुसरा उद्योगच नव्हता.

अकरावा आठवडा चालू होता. साबणाच्या वासाने मळमळणं, घडीघडी लघवीला जावं लागणं, उभ्या उभ्या झापड येणं, हे सगळं या दिवसांत व्हायचंच. पण ओझं उचलणं थांबवलं तर लोकांना संशय येईल, म्हणून टोपली सुटत नव्हती. दवाखान्यात गेलं तर कुणीतरी बघेल, म्हणून तेही नाही. काय ती अक्कल! इस्त्री करणाऱ्या थोरल्या जावेला हे दिसत होतं आणि स्वतःचीच लाज वाटत होती, कारण ती अजून गप्प होती.

तेवढ्यात धाकटी मोरीतून बाहेर आली, पांढरीफटक.

"ताई, रक्ताचा डाग दिसतोय."

सासूबाईंनी आधी दुकानाकडचं दार लोटून घेतलं. "हळू बोल, गिऱ्हाइकं आहेत! दहा दिवस राहिलेत. जरा पड, थांबेल."

"डॉक्टरला दाखवू या," थोरली म्हणाली.

"आणि गावभर करू या?"

धाकटीचा नवरा शर्टांच्या घड्या घालत होता. "आई म्हणतेय तर..." एवढं बोलून त्या शूरवीराने कॉलर नीट केली.

थोरलीने इस्त्रीचं बटण बंद केलं. "आई, माझी दोन गेली. तुम्ही म्हणालात, कुणाला सांगितलंच नव्हतं, मग रडायचं कशाला? तिसऱ्या दिवशी मी इथे उभी होते."

"दृष्टच लागली होती तुला."

"कुणाची? माहीत तर फक्त तुम्हाला होतं."

थोरलीने दार सताड उघडलं.

"माझ्या जावेला दिवस गेलेत आणि रक्त जातंय. गाडी आहे का कुणाकडे?"

ज्या शेजारणीच्या नजरेचा सासूबाईंना सर्वांत जास्त धाक, तीच हातातलं गाठोडं टाकून गाडी काढायला धावली.

तपासणीत बाळाचे ठोके दिसले. डॉक्टरीणबाईंनी ओझं बंद केलं आणि पुन्हा डाग दिसला तर लगेच यायला बजावलं. मग सहज थोरलीला विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"नाहीत," ती सवयीने म्हणाली, आणि थांबली. "दोन गेली. तिसऱ्या महिन्यात. कदाचित तुम्हालाही वाचवता आली नसती. पण मला कुणी आणलंच नाही हो." आणि ती मोठ्याने रडली. धाकटीने पडल्या पडल्या तिचा हात घट्ट धरला.

तिकडे दुकानात सासूबाई गिऱ्हाइकांना सांगत होत्या की काही विशेष नाही, पोरीला जरा पित्त झालंय.