अपीलकाकांचा झेल

क्रिकेटवाल्यांनी हॉकीचा क्लब काढला तो हॉकीच्या प्रेमापोटी नव्हे, रागापोटी. त्या वर्षी मैदानातली खेळपट्टी उकरून नवी टाकायला घेतली आणि अख्खा संघ रविवारी घरात लोळून बायकांच्या डोळ्यांत खुपू लागला. शेजारच्या मैदानावर बस डेपोचा हॉकी संघ सराव करायचा. त्यातला एक जण कुंपणापलीकडून म्हणाला, "तुम्हाला उभं राहून टाळ्या वाजवायची सवय. आमच्या खेळात वाकावं लागतं." एवढं पुरलं. खेळपट्टी वाळायच्या आत क्लब उभा राहिला.

गोलमध्ये कोण, हा प्रश्नच नव्हता. त्यांचा विकेटकीपर कुलपं दुरुस्त करायचा, आणि बोटं अशी की आलेला चेंडू सुटायचा नाही. पेनल्टी कॉर्नर आला की त्याच्या उजव्या हाताला तिघे जण तिरके उभे राहत, थेट स्लिपमध्ये राहतात तसे. ही काही युक्ती नव्हती, त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

पहिला सामना अर्थातच डेपोशी. बरोबरी चालली होती, बघणारे चाट पडले होते. शेवटी शेवटी एक चेंडू उसळला आणि कुलूपवाल्यानं झेप घेऊन तो दोन्ही हातांत टिपला. असा झेल त्यानं क्रिकेटमध्येही घेतला नव्हता. मग तो पंचांकडे वळून ओरडला, "हाऊझॅट?" पाठोपाठ उरलेले दहाही जण ओरडले. हॉकीत गोलकीपरनं चेंडू हातानं अडवायचा, पकडून ठेवायचा नाही, हे त्या क्षणी एकालाही आठवलं नाही. पंचांना आठवलं. पेनल्टी मिळाली, गोल झाला, सामना गेला आणि कुलूपवाल्याचं नाव 'अपील' पडलं. वय वाढलं तसं त्याचं 'अपीलकाका' झालं.

क्लब मात्र वाढला. पुढे डेपोसारखाच क्लबातही बायकांचा संघ निघाला आणि त्यानं पुरुषांना केव्हाच मागे टाकलं. फक्त डेपोला हरवणं कुणाला जमलं नाही. काका मैदानात दिसले, नुसती नाकावरची माशी हाकलली, तरी डेपोच्या बाजूनं एका सुरात अपील व्हायचं. काका हसून साजरं करायचे. पण ते हसणं घरापर्यंत टिकत नाही, हे त्यांच्या सुनेनं पाहिलं होतं. मरायच्या आधी एकदा तरी ती तोंडं बंद झालेली काकांना बघायची होती.

सून पोस्टात नोकरीला, आणि क्लबची गोलकीपर. संध्याकाळी कुलपांच्या दुकानाचं शटर ओढलं की मागच्या अंगणात काका तिच्यावर चेंडू फेकायचे.

"पकडू नकोस. दार लोटतो तसा तळवा लाव, चेंडू पायाशी पडू दे."

"बाबा, हात आपोआप मिटतो हो."

"मला सांगतेस?" काका म्हणाले, आणि दोघंही हसत बसले.

एका वर्षी बायकांच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला समोर डेपोच आला. क्लब एका गोलनं पुढे होता आणि वेळ संपता संपता डेपोला पेनल्टी कॉर्नर मिळाला. सुनेच्या उजव्या हाताला तिघी तिरक्या उभ्या राहिल्या. क्लबात त्याला अजून स्लिपच म्हणतात. डेपोवाल्यांनी फटक्याच्या आधीच अपील सुरू केलं. कठड्याशी उभ्या काकांनी मान खाली घातली.

चेंडू वरून आला. सुनेचा हात उघडा गेला आणि उघडाच राहिला. चेंडू पायाशी पडला, पहिल्या स्लिपनं तो दूर टोलावला आणि शिट्टी झाली. डेपोची बाजू गप्प झाली. काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, चांगलं पोटभर पाहिलं, आणि मग डोळे पुसले.

सगळा संघ नाचत असताना सून चेंडू उचलून कठड्यापाशी आली.

"बाबा, घ्या."

तिनं तो उंच उडवला. काकांचे गुडघे कुरकुरले, पण हात जागेवर पोचले. चेंडू दोन्ही तळव्यांत बसला. तेवढ्यात मागून तीच आरोळी उठली आणि काका दचकले. सवयच झाली होती. पण या वेळी ओरडत होता त्यांचाच संघ, सगळ्या पोरी पंचबाईंकडे वळून, हात वर करून.

पंचबाई सामनाभर हसल्या नव्हत्या. त्यांनी शिट्टी खिशात टाकली, काकांच्या हातातल्या चेंडूकडे नीट पाहिलं आणि सावकाश एक बोट वर केलं.

डेपोवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. काकांनी चेंडू छातीशी धरला.

"उशीर केलात," ते पंचबाईंना म्हणाले, "पण निर्णय बरोबर दिलात."