नव्या प्लेटीचा शेजार

मी एक जुनी सोलर प्लेट आहे. मित्रांनो, चौसाळ्याजवळच्या एका दूध संस्थेच्या बोअरवर आम्ही दहा जणी एका ओळीत होतो. आमच्या विजेवर पंप चाले आणि जनावरांच्या हौदात पाणी पडे. संस्थेतल्या सुभद्राबाई दर आठवड्याला आम्हा सगळ्यांना ओल्या फडक्यानं पुसत.

अकराव्या वर्षी गारपीट झाली. माझी शेजारीण फुटली. माझ्या कोपऱ्यालाही बारीक तडा गेला, पण तो कुणी पाहिला नाही. शेजारणीच्या जागी नवी प्लेट आली, काळीभोर आणि चकचकीत.

"नवी हाय, हिला जपा," सचिव पंडितराव म्हणाले.

झालं! सुभद्राबाईंचं फडकं रोज तिच्यावरच फिरू लागलं. आमच्यावर धुळीचे थर चढले. मी जळू लागले. वावटळ यावी आणि हिलाच माखून टाकावी, असं मनात येई. तड्यातून ओल शिरून माझा कोपरा तपकिरी पडला, तरी मला खुपायची ती तिची चकाकी.

पुढच्या साली पाऊस पडला नाही. आसपासच्या वस्त्यांची जनावरं आमच्या हौदावर येऊ लागली आणि नेमकी तेव्हाच पाण्याची धार करंगळीएवढी झाली. एका दुपारी शेजारच्या वस्तीवरच्या दगडाबाईंची गाभण म्हैस हौदापाशी बसली, ती उठेना.

"पानी कावून येत न्हाई वो?" दगडाबाई रडकुंडीला आल्या.

"नवीच खराब निघाली असंल," पंडितराव म्हणाले. मला केवढा आनंद झाला!

बंकट मिस्त्रीनं मीटर लावून एकेकीला तपासलं. नवीपाशी तो क्षणभर थांबला आणि पुढं सरकला. माझ्यापाशी मात्र उकिडवाच बसला.

"नवी धडधाकट हाय. ही जुनी कोपऱ्यात जळलीय. वळीत एक मंदावली की समद्यांची वीज अडती. गारा पडल्या तवाच हिचा तडा बघायचा हुता."

"मी एकलीलाच पुसत बसले," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या.

बंकटनं मला सोडवून बाकीच्यांच्या तारा जोडल्या. सुभद्राबाईंनी सगळ्यांची धूळ काढली. धार मोठी झाली. दगडाबाईंनी बादलीनं म्हशीला पाणी पाजलं, अंगावर ओतलं. बऱ्याच वेळानं ती उठली. भिंतीला टेकून मी पाहत होते. म्हैस वाचली म्हणून बरं वाटलं. पण ते पाणी माझ्याविना पडत होतं, हे सोसवेना.

आता मी संस्थेच्याच दूध केंद्राच्या छपरावर आहे. माझ्या उरल्यासुरल्या विजेवर एक दिवा लागतो. मित्रांनो, आम्ही वीस-पंचवीस वर्षं चालतो, पण कुणी पाहणारं असेल तरच. इथून मला ती नवी दिसते. तिच्या खालच्या कडेला मातीची पट्टी धरू लागली आहे. मला तिचा हेवा अजून वाटतो. तरी सांगते, तिला पुसा.