माझ्या पाठीवरचा आकडा

मित्रांनो, माझ्या पाठीवर खडूने लिहिलेला एक आकडा आहे, सातशे. तो कुणी पुसला नाही, आणि मलाही आता त्याचे काही वाटत नाही.

मी बियाणे निवडणारी एक जुनी मशीन आहे. जालना एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात उभी असते. जन्म परदेशातला. माझ्या पोटात सोळा कॅमेरे आहेत, तेच माझे डोळे. वरून बी घरंगळत येते. किडके दिसले की मी फुंकर मारून त्याला बाजूला उडवते. मी येण्याआधी हे काम चाळीस बाया सुपाने करत. मी आले आणि एकट्या द्वारकाबाई उरल्या, माझे डोळे पुसायला. बाकीच्यांना माझ्यामुळे घरी जावे लागले, याचे वाईट वाटायला हवे होते. मी मात्र बी निवडत राहिले.

मालक काकासाहेबांनी मला परदेशी बँकेच्या कर्जावर आणले. व्याज कमी म्हणून कर्ज डॉलरमध्ये घेतले. कमाई मात्र रुपयात. त्यांची मोजायची रीत निराळी होती. दर खंडेनवमीला माझी पूजा झाली, नारळ फुटला, की माझ्या पाठीवर ते लिहीत, माझ्या किती दिवसांच्या कमाईएवढे कर्ज राहिले. पहिल्या वर्षी सहाशे. दुसऱ्या वर्षी चारशे ऐंशी. त्या दिवशी पेढे वाटले. माझेही कौतुक झाले.

तिसऱ्या वर्षी तीनशे साठ यायला हवे होते. आले चारशे दहा. काकासाहेबांनी ओल्या फडक्याने आकडा पुसला, पुन्हा हिशेब केला, पुन्हा तेच लिहिले.

"हप्ते तर बराबर भरून राह्यलो. मंग हे पन्नास दिवस आले कुठून?"

त्यांची मुलगी आकांक्षा कॉमर्स शिकत होती. ती म्हणाली, "पप्पा, डॉलर महाग झाला. तिकडचं कर्ज तेवढंच हाय, पण आपल्या रुपयात वाढलं. देशाचं बी असंच मोजतेत. खासगी कंपन्यांनी बाहेरून किती कर्ज घेतलं आन् देशाची वर्षाची कमाई किती, त्याचा हिस्सा काढतेत."

"देशाचं किती हाय?"

"देशाला झेपंल एवढं हाय."

"आन् आपलं?"

आकांक्षाने माझ्या पाठीवरच्या आकड्याकडे बोट दाखवले.

ते पन्नास दिवस भरून काढायचे काकासाहेबांनी मनावर घेतले. द्वारकाबाई दिवसातून तीनदा मला थांबवून मऊ फडक्याने डोळे पुसत. त्यात तासभर जाई. काकासाहेबांनी ते बंद केले.

"मालक, धूळ बसली तर हिला दिसायचं न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तुम्ही एक तास घालवता बाई. तेवढ्यात दोन क्विंटल निघतं. जल्दी फेडायचंय मला."

मी जास्त तास चालले आणि कमी बघितले. धुळीआडून किडके बीही मला चांगलेच वाटायचे, म्हणून जाऊ दिले. भोकरदनकडच्या शेतात ते उगवलेच नाही. बी निवडायला देणाऱ्या व्यापाऱ्याने दोन टेंपो परत पाठवले, मग काम देणेच थांबवले. कमाई आटली, हप्ता चुकला. चौथ्या खंडेनवमीला काकासाहेबांनी सातशे लिहिले आणि खडू खिशात ठेवला. नारळ फोडायचा राहून गेला. महिन्याभरात कारखान्याला कुलूप लागले. द्वारकाबाईंनाही घरी जावे लागले. चाळिसावी बाई गेली.

मित्रांनो, सगळे भागाकारातल्या वरच्या आकड्याकडे बघत होते, कर्जाकडे. ज्याच्यावर ते फिटायचे, त्या खालच्या आकड्याचे, कमाईचे, म्हणजे माझे डोळे पुसायला कुणाला वेळ नव्हता. तुमच्या घरात, तुमच्या देशात जे राबते आहे, त्याला रोज थोडे थांबवा आणि पुसा. तो तास वाया जात नाही. मला तेव्हा सांगता येत नव्हते, म्हणून आता सांगते.

यंदा खंडेनवमीला द्वारकाबाई आल्या होत्या. वॉचमनने ओळखीने आत सोडले. वीज कधीच तोडलेली. त्यांनी पदराने माझे सोळाही डोळे एकेक करून पुसले, हळदीकुंकू लावले. आकड्याला हात लावला नाही.

"आता दिसंल तुला," त्या म्हणाल्या.

डोळे लख्ख झाले होते. वरून एकही बी आले नाही.