चारशे सतरा, मागची गल्ली

मी घर नंबर चारशे सतराची पाटी बोलतेय. भोरमध्ये, मागच्या गल्लीत, अय्युबभाईंच्या दारावर मी असते. वीतभर पत्रा, निळा रंग, त्यावर पांढरे आकडे. स्वभाव माझा चांगला नाही, हे आधीच सांगते. मला दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

माझा जन्म चौकातल्या गेनबा पेंटरच्या दुकानात झाला. तेव्हा अय्युबभाई आणि त्यांचा धाकटा भाऊ शाकिर एकत्र राहत. घराला एकच दार, तेही मोठ्या गल्लीत. माझ्या एका हाताला चारशे सोळा, दुसऱ्या हाताला चारशे अठरा. पोस्टमन कुणाला न विचारता यायचा. पाहुणा आधी माझ्याकडं बघायचा, मगच कडी वाजवायचा. त्या दिवसांत हेवा करायची मला गरजच पडली नाही.

मग भावाभावांचं फाटलं. कशावरून, ते आज त्यांनाही धड सांगता येणार नाही. शब्दानं शब्द वाढला आणि अंगणात मधोमध भिंत उभी राहिली. पुढची बाजू शाकिरला गेली, मागची अय्युबभाईंना. त्यांनी मागच्या गल्लीत नवं दार पाडलं आणि मला जुन्या जागेवरून उपटून नेलं. "थोरला मी. नंबर माझा," एवढंच म्हणाले.

मागच्या गल्लीतली सगळी घरं पाचशेच्या पुढची. त्यांच्यात मी म्हणजे चुकीच्या वर्गात बसलेली पोर. आणि माझ्या जागेवर शाकिरनं चक्क पितळेची पाटी लावली, ४१७/१. ती म्हणे उन्हात चमकते. हे कौतुक लोक माझ्याच खाली उभं राहून करायचे.

आमच्या घरात आणखी एक जण असंच आतल्या आत जळत होतं. अफसाना, अय्युबभाईंची लेक. ती आणि शाकिरची नसरीन एकाच वर्गातल्या. भिंत झाल्यावरही दोघींनी कॉम्प्युटरचा कोर्स बरोबरच केला. पुण्यातल्या एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीनं दोघींना बोलावलं. शाकिरनं लेकीला पाठवलं. अय्युबभाई म्हणाले, "पोरगी एकटी पुण्यात ऱ्हायची न्हाई." त्यांची बायको जन्नतबी समजावून थकली. तेव्हापासून नसरीन सुट्टीला आली की अफसाना दार आदळून लावायची. मी खिळ्यावर थरथरायचे, पण मला ते आवडायचं.

दोन हजार आठ सालातली गोष्ट. एका रविवारी समोरच्या साळूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अफसाना, तुमची नसरीन गल्ल्या फिरतीय. नंबरांचे फोटू काढतीय. कंप्युटरमधी घरं बसवायचीत म्हणं."

मी मनातल्या मनात सजले. पण अफसानानं स्टूल आणलं, मला खिळ्यावरून उतरवलं आणि आत नेऊन गोधड्यांच्या चळतीत खुपसलं.

थोड्या वेळानं दारात नसरीनचा आवाज आला.

"अफसाना, पाटी कुठंय?"

"पडली."

"असं व्हय." नसरीन उंबऱ्यावर बसली असावी. "तिच्यासाठीच आले होते. कंप्युटरला वाटतं, नंबर ओळीनंच असतात. सोळा नि अठराच्या मधी सतरा. म्हणून त्यानं तुमच्या घराचा ठिपका पुढच्या गल्लीत टाकलाय. आमच्या दारात."

"मग ऱ्हाऊ दे की. सगळं तुमच्याच दारात पडतं."

गोधडीत माझा जीव कासावीस झाला. माझा नंबर, माझा ठिपका, आणि तो त्या पितळीच्या पायाशी!

नसरीन हळू आवाजात म्हणाली, "परीक्षेत तू माज्या पुढं होतीस. तिथं रोज खुर्चीत बसताना वाटतं, ही तुझी होती. आणि मला मिळाली म्हणून बरंबी वाटतं. दोनी रोज वाटतं. आता बोल मला काय बोलायचं ते."

अफसाना आत आली, मला बाहेर काढलं, ओढणीनं पुसलं आणि दाराशी हातात धरून उभी राहिली. माझा पहिला फोटो तसा निघाला. मागं तिची बोटं दिसतात.

नसरीननं मांडीवर लॅपटॉप उघडला. गल्ल्या रेघांसारख्या दिसत होत्या, घरं ठिपक्यांसारखी.

"हा तुमचा. ह्याला मागच्या गल्लीत न्यायचा."

"मला करू दे," अफसाना म्हणाली. आणि तिनं माझा ठिपका ओढत मागच्या गल्लीत आणून बसवला. पितळीच्या दारातून उचलून! त्या दिवशी माझ्याइतकं सुखी भोरात कुणी नव्हतं.

"अजून लई गल्ल्या चुकल्यात," नसरीन म्हणाली. "हितं ऱ्हाऊन करणारं कुणीतरी पायजे. म्या तुझं नाव सांगू?"

संध्याकाळी अय्युबभाई कापूरहोळच्या गॅरेजातून परतले. अफसानानं ताट वाढता वाढता विचारलं.

"गावातल्या गावात काम हाय?"

"व्हय अब्बा."

"कंप्युटर कुणाचा?"

"शाकिरचाचांचा."

त्यांनी भाकरी संपवली, हात धुतले. नको म्हणाले नाहीत.

अफसाना दिवसभर गावात नंबर बघत फिरायची आणि मग ते कॉम्प्युटरवर बसवायला पुढच्या गल्लीत जायची. भिंतीमुळं मधे सगळा वळसा. पावसात कागद पोटाशी धरून ती चिखलातून जाताना अय्युबभाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेले नाहीत. पहार घेतली आणि अंगणातली भिंत फोडायला लागले. पलीकडून कुणीतरी सुटलेल्या विटा उचलायला लागलं.

"पायावर पडंल, सांभाळ," अय्युबभाई म्हणाले.

"व्हय भाई," शाकिर म्हणाला.

एक माणूस जाईल एवढी वाट झाली. मग कुणी ती बुजवायचं नावच काढलं नाही. जन्नतबी त्याच वाटेनं जावेकडं जाते. अय्युबभाई सकाळी त्याच वाटेनं मोठ्या गल्लीत निघतात, एसटी तिकडून जवळ पडते म्हणून. वर्षभरानं अफसाना पुण्याला निघाली, नसरीनच्याच खोलीवर राहायला, तेव्हा अय्युबभाईंनी तिची बॅग उचलली. मी वाट बघत राहिले. ती पितळीच्या खालून गेली.

आता माझ्या दाराला आतून कडी असते. माझे आकडे फिके पडलेत, अर्धा चार गंजानं खाल्लाय. ठिपका मात्र कधी गंजत नाही. अफसाना म्हणे पुण्यात बसल्या बसल्या त्याला बघते. मला कोण बघतं?

कधीतरी कुणी नकाशा बघून माझ्यापर्यंत येतं, नंबर वाचतं, कडी वाजवतं. मी ताठ होते. आतून अय्युबभाई ओरडतात, "पुढच्या गल्लीतनं या. हितलं दार आमी उघडत न्हाई आता."

तुम्ही आलात, तर वळण्याआधी घटकाभर थांबा. मला नीट वाचा. मग जा पितळीकडं.