पाठीचा पट्टा

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या त्या टोळीत एक नियम होता, आणि मुकादम तो रोज सकाळी गच्चीवर म्हणून दाखवायचा: दुसऱ्याचा हात फिरल्याशिवाय कोणी कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही. कंबर, मांड्या, खांदे, पाठ. प्रत्येक पट्टा जोडीदारानं ओढून बघायचा. पाठीचा तर खासच, कारण जीव त्याच्यावर टांगलेला आणि देवानं पाठीला डोळे दिलेले नाहीत. "दोर माणूस बघत नाही, वजन बघतो," हे मुकादमाचं ठरलेलं वाक्य. सगळ्यांना ते इतकं तोंडपाठ होतं की आता कोणी ऐकत नव्हतं.

टोळीतला घाऱ्या, हे नाव डोळ्यांवरून पडलेलं, कामात वाघ आणि बोलण्यात कंजूष. त्याची जोडी सगळे ज्याला रेडिओ म्हणत त्याच्याशी. रेडिओच्या तोंडात तीळ भिजत नसे. मध्यंतरी घाऱ्यासोबत राहणारा माणूस आजारी पडला, म्हणून टोळी हॉस्पिटलात भेटायला गेली. रेडिओनं सहज विचारलं, भाऊ का? घाऱ्या म्हणाला, नाही, नवरा-बायको राहतात तसे आम्ही दोघं राहतो, बरीच वर्षं झाली. इतक्या सरळ उत्तराची कोणाचीच तयारी नव्हती. आणलेली फळं टेबलावर ठेवून मंडळी लिफ्टचीही वाट न बघता खाली उतरली.

पुढे भांडण झालं नाही, कोणी शिवीही दिली नाही. फक्त चहा पिताना घाऱ्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. रेडिओ चेष्टा करायचा, बाकीचे खाली बघून हसायचे. मुकादम भला माणूस. भली माणसं करतात तेच त्यानं केलं, कानाडोळा. आपण बरं, आपलं काम बरं, असं तो घरी बायकोलाही म्हणाला.

त्या दिवशी वारा बेताचा होता. मुकादमानं नेहमीसारखं विचारलं, "झालं?" रेडिओनं नेहमीसारखं सांगितलं, "झालं." घाऱ्या मात्र लिफ्टच्या खोलीच्या काचेकडे पाठ करून, मान वळवून उभा होता.

"काय बघतोस रे?"

"पाठीचा पट्टा."

"रेडिओनं बघितला ना?"

"तो लांबून बघतो," घाऱ्या वेळ सांगावी तसा म्हणाला. "हॉस्पिटलनंतर हात नाही लावला."

मुकादमानं पट्टा ओढला. त्याला पीळ पडला होता आणि बकल अर्धंच बसलं होतं. त्या धुरकट काचेत हे दिसणं शक्यच नव्हतं. रोज विचारताना रेडिओ दोन हात लांब उभा असलेला मुकादमाला दिसत होताच की. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

बोलला का नाहीस, असं त्यानं विचारलं. घाऱ्या म्हणाला, बोललो असतो तर कटकट नको म्हणून तुम्ही मलाच खाली बादल्या भरायला बसवलं असतं. तसा विचार मुकादमाच्या मनात येऊन गेलाही होता.

त्यानं पीळ काढला, बकल सोडलं, आणि मुद्दामच परत लावलं नाही. मग सगळ्यांना कठड्यापासून मागे बोलावलं.

"आज सगळ्यांचे पट्टे घाऱ्या तपासेल," तो म्हणाला. "ज्याला त्याचा हात नको, त्यानं खाली उतरायचं ते जिन्यानं. आणि परत वर यायचं नाही."

रेडिओ हसला, कोणीतरी सोबत हसेल म्हणून. कोणी हसलं नाही. एकेक जण हात वर करून उभा राहिला. शेवटी रेडिओही आला. त्यालाही घरी खाणारी तोंडं होती. घाऱ्यानं त्याची कंबर, मांड्या, खांदे ओढून बघितले, जराही घाई केली नाही. पाठीचा पट्टा सैल होता, तो घट्ट केला. कोणाचाही केला असता, तसाच.

मग त्यानं रेडिओकडे पाठ केली आणि हात वर केले. "आता माझा."

रेडिओनं हात पुढे केला, मागे घेतला, पँटला पुसला. मग कंबर ओढली. मांड्या ओढल्या. खांदे ओढले. त्याचं तोंड एवढा वेळ बंद राहिलेलं टोळीनं पहिल्यांदाच बघितलं.

"झालं?" मुकादमानं विचारलं.

"थांबा," रेडिओ म्हणाला. "पाठीचा राहिलाय."