जुन्नरच्या आधी राब

राब भाजायचा आणि सहलीला जायचं, या दोन गोष्टी एकाच वैशाखात आणू नयेत, एवढी अक्कल खरं तर स्वरूपला असायला हवी होती. पण स्वरूप पडला भातसानगरच्या धरणावर कामाला. त्याला पाण्याची पातळी कळते, ड्युटी कळते, वारा कळत नाही. आणि त्याच्या बायकोला, दर्शनाला, त्या दिवसांत सहलीशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं.

सहल तरी कसली, चांगली दणदणीत. कसाऱ्याचा घाट चढून नाशिक, तिथून देवगिरीचा किल्ला, मग पैठण, मग नगर, शेवटी जुन्नर, आणि माळशेज उतरून मुरबाडवरून घरी. एका घाटानं वर जायचं, दुसऱ्यानं खाली यायचं. गाडी स्वरूपच्या मित्राची, शेखरची. खर्डी स्टेशनवरून रिक्षा धापा टाकत जिथं येते त्या गावात, आपल्या ओट्यावर बसून स्वरूप रोज संध्याकाळी मोबाइलवर नकाशा उघडायचा, आणि दर्शना भाकऱ्या थापता थापता आतून सांगायची, "पैठणला मुक्काम नको, नगरला करू." ऐकणाऱ्याला वाटावं, बाईनं अख्खा मुलूख पायाखाली घातलाय. लग्न झाल्यापासून ती कसारा स्टेशनच्या पलीकडं गेली नव्हती.

सहल निघाली होती ती मात्र महादूसाठी, स्वरूपच्या बापासाठी. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काचबिंदू. कल्याणच्या डॉक्टरांनी हिवाळ्यात स्पष्टच सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाच्या थेंबांनी टिकेल तेवढी टिकेल. "काय दाखवायचं असेल ते लवकर दाखवून घ्या," असं ते जाता जाता बोलून गेले, आणि ते बोलणं स्वरूपच्या काळजात रुतून बसलं. घरी येताना त्यानं विचारलं, "बाबा, काय बघायचंय तुमाला?" महादूनं इकडंतिकडं न करता सांगितलं, "जुन्नर."

जुन्नरच का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. महादूची बायको कमळाबाई मुरबाडकडची, नाणेघाटाच्या पायथ्याची. लग्नाच्या नव्या नवलाईत दोघं तो घाट चढून गेली होती. वर दगडी रांजण आहे, त्याच्याशी टेकून बसली, चटणी-भाकर खाल्ली. पुढं जुन्नरचा रस्ता सरळ गेलेला. कमळाबाई म्हणाली, "चला ना, आलोच हाव तर." महादू म्हणाला, "राब भाजायचा हाय. पुढल्या साली जाऊ." ते पुढलं साल काही आलं नाही. कमळाबाई गेली त्याला बरीच वर्षं झाली, आणि म्हातारा अजून तेवढी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा.

आता राब म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची त्यावर शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत असं थरावर थर अंथरायचं, वरून माती पसरायची आणि पावसाआधी ते पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं. पण पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट. वारा जिकडं चाललाय त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू चालत येते. दुसऱ्या टोकाला लावली तर आग पळत सुटते. मग माती राहते कच्ची, आणि बांधापलीकडचं जळून जातं.

या घरात राब महादूच पेटवायचा. आधी नारळ, मग चुलीतली चिमूटभर राख वर उडवून वारा बघायचा, मग काडी. आणि या सगळ्यात मागून कुणी टोकायचं नाही. "बाप्या काडी लावाया वाकला का आपण तोंड मिटायचं. टोकलं तर आग भरकटते," असं कमळाबाईनं दर्शनाला पहिल्याच उन्हाळ्यात बजावलं होतं. सासू गेली, तरी दर्शनानं ते पाळलं.

या वर्षी राब रचून कधीचा तयार होता. महादू रोज उन्हं कलली की बांधावर जायचा, राख उडवायचा, तोंड वर करून थोडा वेळ उभा राहायचा आणि परत यायचा. "आज नाय. वारा बरा नाय." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राब भाजून झाले, गावभर धुराचा वास भरून राहिला, आणि यांचा राब आपला तसाच पडलेला. राब टाकून जावं तर वळवाचा एक सडाका येऊन सगळं भिजवून टाकील. म्हणजे राब नाही तर सहल नाही. दर्शनाच्या मनात राग साठत चालला.

तसं बघितलं तर तिला कळायला काय हरकत होती? चहाचा कप म्हातारा ओट्याच्या कडेवर ठेवायचा आणि तो खाली पडायचा. उंबरा ओलांडण्याआधी पाय पुढं करून चाचपायचा. एकदा स्वरूपनं देवगिरीचा फोटो दाखवला, किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयाराचा. महादूनं मोबाइल तोंडाजवळ धरला आणि म्हणाला, "बेस हाय. झाडी लय दाट हाय." दोघं नवरा-बायको पोट धरून हसली. शेजारची सकुबाई तर एक दिवस म्हणालीच, "अगो, तुझा सासरा माझ्याशी बोलाचा बंद झाला काय? समोरनं गेले, हूं का चूं नाय." दर्शना म्हणाली, "वय झालं गो मावशी." वय झालं म्हटलं की सगळं मिटतं. पुढं कुणी विचारत नाही.

मग शेखरचा फोन आला. परवा पहाटे निघत असाल तर गाडी तुमची, नाहीतर लग्नसराईच्या भाड्याला जाईल, आणि मग बघू पावसाळा संपल्यावर. पावसाळा संपल्यावर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काय उरणार होतं? स्वरूप ड्युटीवर गेला तो तोंड पाडूनच. दुपारी आभाळ गढुळलं, डोंगरावर काळे ढग जमायला लागले, पान हलेना, जीव गुदमरून जावा असा उकाडा. दर्शनानं ढगांकडं बघितलं आणि तिचा तोल गेला.

"बाबा, आज वारा बरा नाय, काल बरा नव्हता. सगळ्या गावाला बरा, आपल्यालाच नाय. तुमाला जायाचंच नसेल तर तसं सांगा. त्यांनी किती दिवस जीव टाकलाय या सहलीसाठी."

महादू खाटेवर बसला होता. त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. सुनेचा आवाज या घरात असा कधी चढला नव्हता, आणि आता चढल्यावर तिलाच कसंसं झालं. पण बोललेलं मागं घेता येत नाही.

"जायाचं हाय गो," तो हळूच म्हणाला. "चल. आज लावू."

ती नारळ, राख, पाण्याचा हंडा घेऊन मागोमाग निघाली. म्हातारा बांधावरून ताठ चालत होता. वाट पायाखालची, पन्नास पावसाळ्यांची. त्यानं नारळ फोडला, हात जोडले, मुठीतली राख वर उडवली आणि तोंड वर करून उभा राहिला.

अंगाला कळेल असा वारा नव्हताच. फक्त राखेला कळला. दर्शनाच्या डोळ्यांसमोर ती राख हळूच डोंगराकडून खाली, मावळतीकडं, महादू दरवर्षी राखणीला बसतो त्या करवंदीच्या जाळीकडं सरकत गेली. रोजचा वारा मावळतीचा, तो डोंगराकडं जातो. आज उलटा होता, म्हणजे काडी मावळतीच्या टोकाला लागायला हवी होती.

"मावळतीचाच हाय," महादू म्हणाला. "बरा हाय."

दर्शनाचं तोंड उघडलं. आणि तिनं ते मिटलं. टोकायचं नाही, असं सासूनं सांगितलं होतं, हे खरं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. आज तो नाही म्हणाला तर परवा गाडी नाही, हे तिच्या मनात पहिलं आलं. म्हाताऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती हंड्याशी उभी राहिली.

महादू डोंगराकडच्या टोकाला वाकला. चाचपत चाचपत त्यानं काड्या लावल्या, कानोसा घेतला, तडतड ऐकू आल्यावर मान हलवली. मग दरवर्षीसारखा बांधानं चालत मावळतीच्या टोकाला गेला आणि हिरवी फांदी हातात घेऊन जाळीला पाठ करून उभा राहिला. एरवी ती जागा सगळ्यांत सुखाची. वारा पाठीवर, धूर पलीकडं, आग पुढून सावकाश येते.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डोंगरावरून वळवाचा वारा उतरला, एकदम, दार ढकलून कुणी घरात घुसावं तसा. राबावरची आग आडवी झाली आणि पळत सुटली.

म्हाताऱ्याच्या तोंडावर धूर आला. त्याला वारा कळला असणार, झळही कळली असणार. त्यानं फांदी वर उचलली. पण ती आगीकडं नव्हती. ती भलतीकडंच, मोकळ्या खाचराकडं होती. तो डावीकडं वळला, मग उजवीकडं वळला, मागं सरला तर काट्यांत अडकला. आग समोर, चार पावलांवर.

"दर्शना," त्यानं हाक मारली. आवाज अगदी साधा होता, घरात तांब्या मागावा तसा. "आग कुठं हाय गो?"

एका क्षणात दर्शनाला सगळं दिसलं, पडलेले कप, उंबरा, भुयारातली झाडी, आणि रोज संध्याकाळी वर उडवलेली ती राख, जी त्याला दिसतच नव्हती. म्हणून तो रोज नाही म्हणत होता. वारा बरा नव्हता असं नाही, म्हातारा काडी लावायला भीत होता. आणि आपण त्याला बोलून बोलून इथं आणून उभं केलं.

"बाबा, हलू नका!" ती ओरडली. हंडा तिनं स्वतःच्या अंगावर ओतला आणि बांधावरून धावली. धुरात तिच्या हाताला त्याचा दंड लागला. तिनं त्याला ओढलं, जाळीतून फरफटत काढलं, आणि दोघं पलीकडच्या कोरड्या ओहोळात पडली. वर जाळी धडाधडा पेटली. तिच्या आड सकुबाईच्या पेंढ्याचा उडवा होता, तोही गेला. गावातली माणसं फांद्या घेऊन धावली म्हणून आग घरांपर्यंत पोचली नाही.

ओहोळात महादूच्या पिंढरीवर फोड उठले होते. धोतराची किनार जळाली होती. दर्शना पदरानं पाय पुसत रडत होती.

"कवापासनं दिसत नाय, बाबा?"

"होळीपासनं. उजेड कळतो. माणूस उभं असलं तर काळं कायतरी कळतं. कुणाला सांगू नको."

"का?"

त्यानं नुसता तिचा हात चाचपून धरला आणि घट्ट दाबला.

दिवेलागणीला स्वरूप आला. वाटेत त्याला आगीचं कळलं होतं. बापाचा पाय बघितला, सकुबाईची माफी मागितली, पेंढा भरून द्यायचं कबूल केलं. पण उडव्याचं दुःख करायला सकुबाई होती. स्वरूपच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान दिसत होतं, कारण काही का होईना, राब जळाला होता.

"बाबा, पायाला मलम लावू, बरं होईल. परवा निघायचं," तो खाटेशी उकिडवा बसून म्हणाला. "शेखरला सांगितलं. जुन्नरला तर आपण पूर्ण दिवस थांबणार. तुमाला शिवनेरी दिसेल, लेणी दिसतील, सगळं नीट दिसेल अशी खोली बघितलीय. खिडकीतनं गड दिसतो. हे बघा."

त्यानं मोबाइल पुढं धरला. महादूनं तो घेतला, तोंडाजवळ नेला, मान हलवली. "बेस हाय," तो म्हणाला.

दर्शना दारात उभी होती. ओल्या लुगड्याला अजून धुराचा वास येत होता. म्हाताऱ्यानं मान किंचित तिच्याकडं वळवली, बरोबर तिच्याकडं नाही, तिच्या बाजूच्या भिंतीकडं, आणि तो काय मागतोय ते तिला कळलं. निघायच्या बोलण्यात टोकू नये, हेही सासूनंच सांगितलं होतं. दुपारी एकदा ती गप्प बसली होती.

"अहो," ती म्हणाली. "बाबांना दिसत नाय. होळीपासनं काय म्हंजे कायच दिसत नाय."

स्वरूप हसला. मग त्यानं बापाच्या हातातल्या मोबाइलकडं बघितलं. तो उलटा धरलेला होता, काच तळहाताकडं. स्वरूपचं हसू विरलं. बाहेर ढग गडगडले, पण पाऊस आला नाही.

महादूनं मोबाइल चाचपत खाटेवर ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखी त्याची मान खाली गेली होती. बराच वेळ तो जळक्या किनारीचं सूत बोटानं तोडत राहिला. मग लेक जिथं बसलाय असं त्याला वाटत होतं, तिकडं तोंड करून त्यानं विचारलं,

"तरी नेशील ना रे मला?"