काजातून दिसलेलं वाळवंट

आठ दिवस मी गाडीत पुढच्या सीटवर, सुनेच्या शेजारी बसून वाळवंट पाहिलं, आणि आठही दिवस तिला एकच सुनावलं. बाई, कधीतरी माझ्या मुलाच्या हातात गाडी दे.

गाडी भाड्याची. चालवायला सून. मुलगा मागे पिशव्यांच्या शेजारी, पिशव्यांसारखाच गप्प. चाळिशीला आलेला माणूस, अख्खं दुकान ज्याच्या हातावर चालतं तो मागे, आणि तीन महिन्यांपूर्वी जिला गाडीचं दार धड लावता येत नव्हतं ती पुढे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा मी एका मशीनवर सुरू केलं, आता नऊ मशीनं आहेत. इस्पितळांचे आणि शाळांचे गणवेश शिवतो. मी शिकले चौथीपर्यंत, पण माझ्या मापात आजवर कुणी अर्धा इंच चूक काढलेली नाही. कापायचं टेबल एकच आणि मोठी कात्री एकच, ती माझी. मुलगा माझ्या हाताखाली कापतो. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात, मग मीही म्हणायला लागले. परत गेलो की सोमवारी सगळ्या कामगारांसमोर कात्री त्याच्या हातात द्यायची आणि आपण खुर्चीत बसायचं, असं मी जाहीर करून टाकलं होतं. तो एवढंच म्हणाला होता, "त्याआधी आठ दिवस वाळवंट बघून येऊ, आई." मी म्हटलं, वाळूत काय बघायचंय, पायाला लागते तेवढी पुरे. पण ह्या मुलानं लहानपणापासून काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून निघाले.

दुकानातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नवा माणूस आला की मी त्याला कापड दाखवत नाही. डोळे मिट म्हणते आणि हातात देते. उभा धागा कुठला, आडवा कुठला, सुलटी बाजू कोणती, सगळं बोटांनी सांगायचं. मास्तर हे दहाव्या वर्षी शिकला. गेली दोन वर्षं तर तो इतका तयार झाला होता, की मान वर ठेवून कापायचा. बोटं पुढे सरकायची, मागून कात्री. मी गिऱ्हाइकांना मुद्दाम खुर्ची देऊन बसवायची. "बघा," म्हणायची, "न बघता कापतो माझा मास्तर!" गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं आणि माझी छाती फुगायची.

तर शेवटचा दिवस. विमान दुपारी चारचं. सकाळी खोलीची किल्ली देऊन आम्ही बाहेर आलो आणि मी गाडीच्या दाराशी ठाण मांडलं.

"आज मास्तर गाडी चालवणार. नाहीतर मी बसत नाही."

"आई, उशीर होईल," सून म्हणाली.

"होऊ दे. आठ दिवस बायकोनं फिरवून आणला, असं लोकांना सांगू का मी? रस्ता सरळ, माणूस नाही, जनावर नाही. अडलंय कुठं?"

"अहो, नको," ती त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली.

तो थोडा वेळ रस्त्याच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "सरळच आहे गं. एकदाच."

सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला वाटलं, मान दुखावला. मनात म्हटलं, उतरू दे. ती म्हणाली, "मग मी ह्यांच्या शेजारी बसते. आई, तुम्ही मागे बसा." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मागे बस म्हटलं. पण मुलाच्या हातात गाडी आली होती, म्हणून गिळलं.

गाडी निघाली. झकास चालवत होता. दोन्ही बाजूंना पिवळी वाळू, मधोमध काळी पट्टी, कापडावर उभी टीप मारावी तशी. सून मात्र गप्प बसेना. "जरा उजवीकडे घ्या. हं. आता सरळ. हळू."

"अगं, कोण कुणाला शिकवतंय?" मी मागून म्हटलं. "तो काय कालचा आहे? तुझं आपलं बटणं लावायचं काम, तेवढं बघ."

तिची नजर रस्त्यावरून हलत नव्हती, आणि एक हात तिनं स्टिअरिंगच्या जवळ धरून ठेवला होता. मला वाटलं, धीर नाही बाईला.

तासाभरानं रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा दिसला. मला मागच्या सीटवरून दिसला. ट्रकच्या आडून एक माणूस पाण्याचा कॅन घेऊन रस्त्यावर आला. लठ्ठ, लाल शर्ट घातलेला. तोही मला दिसला. आता हॉर्न वाजवील, आता वाजवील म्हणून मी वाट बघतेय, आणि गाडीचा वेग आहे तोच.

"अहो, माणूस!" सून किंचाळली आणि तिनं स्टिअरिंग ओढलं.

काचेवर सगळं आभाळ फिरलं. माझं डोकं पिशव्यांवर आपटलं. गाडी वाळूत घुसली आणि बंद पडली. बाहेरची वाळू खाली बसेपर्यंत कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

तो माणूस जिवंत होता. खिडकीपाशी आला. पाण्याचा कॅन अजून हातातच होता. "मी दिसलो नाही तुम्हाला?" त्यानं मास्तरला विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "एवढा मोठा मी? आणि हा असला शर्ट?"

"नाही दिसलात," मास्तर म्हणाला.

मी म्हणणार होते की उन्हानं डोळे दिपले असतील. पण ते मलाच पटेना. कारण मास्तर अजूनही समोर बघत होता. माणूस खिडकीशी उभा होता आणि माझा मुलगा त्याच्याशी समोरच्या काचेतून बोलत होता.

ट्रकवाला दोर आणायला गेला. आम्ही तिघं खाली उतरलो. सून त्याच्या कोपराला धरून उभी राहिली, आणि ती तशी धरते हे मी कितीतरी दिवस बघत आले होते. लाडानं धरते म्हणून मी नाकही मुरडायची.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "कडेनं मिटत येतंय, आई. अंधार पडला की काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, थांबवता येणार नाही. लायसन मीच परत करून आलो."

"दिसतं तरी किती?"

त्यानं विचार केला. आमच्या घरात मोजमापाशिवाय कुणी उत्तर देत नाही. "काजातून बघावं तेवढं," तो म्हणाला. "कोटाचं काज नाही, शर्टाचं. म्हटलं, तेवढ्यात मावतंय तोवर एकदा काहीतरी मोठं बघून घ्यावं."

मग मला एकेक आठवायला लागलं. संध्याकाळी आम्ही दोघी चांदण्या बघायला बाहेर बसायचो आणि तो दमलो म्हणून खोलीत जायचा. मी म्हणायची, बसून बसून दमतो कसा हा? त्याच्या खडूची रेघ जाड झाली तेव्हा मी खडू वाया घालवतोस म्हणून ओरडले होते. आणि ती खुर्ची. मी लोकांना खुर्ची देऊन बसवलं होतं. माझं पोर आंधळं होतंय, या, बघा, असं म्हणून.

"मला का नाही सांगितलंत?"

उत्तर सुनेनं दिलं. "तुम्ही इतक्या खूश असायच्या, आई. रोज नवं गिऱ्हाईक आणून दाखवायच्या. कोणत्या दिवशी सांगायचं?"

मी चपलेतली वाळू झटकत राहिले.

ट्रकवाल्यानं गाडी बाहेर ओढली. मी न सांगता मागे बसले. पुढचे दोन तास सुनेनं गाडी चालवली. किती सफाईनं चालवते, हे मी आठ दिवसांत पहिल्यांदा बघितलं. तीन महिने पहाटे उठून शिकायला जात होती आणि मी विचारायची, कुठं उंडारून आलीस?

विमानतळावर गाडी परत घेणाऱ्यानं चारी बाजूंनी बघून सही मागितली. कागदावर चालवणाऱ्याचं नाव एकच होतं, सुनेचं. पहिल्या दिवशीही हाच कागद माझ्यासमोर भरला होता. मी वाचला नव्हता.

विमानात आम्हाला तीन सीट ओळीनं मिळाल्या. खिडकीशी मास्तर, मधे सून, कडेला मी. विमान वर गेल्यावर तो खिडकीला कपाळ टेकून खाली बघत राहिला. मान इकडून तिकडे हळूहळू फिरवत होता. वाळवंट तुकड्यातुकड्यानं गोळा करत होता.

मग मागे टेकून म्हणाला, "आई, सोमवारी कात्री मला देऊ नकोस. हिला दे. मला हात लावून सांगता येईल, कापायला डोळे हवेत."

"हिला?" तोंडातून निघून गेलं. नऊ वर्षं मी तिला टेबलाजवळ फिरकू दिलं नव्हतं. "हिला कापता येतं?"

सुनेनं मान खाली घातली. मास्तर म्हणाला, "गेल्या मोसमातले नर्सचे सगळे गणवेश हिनंच कापलेत. तू जेवायला घरी जायचीस तेव्हा."

ते गणवेश मी स्वतः तपासले होते. एकेक उलटून बघितला होता, आणि शाबासकी मास्तरला दिली होती.

त्यानं खिशातून मापाची टेप काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक इंचावर दोऱ्याची एक गाठ होती, पाचावर दोन, दहावर तीन. बोटांना कळाव्यात म्हणून. तशी एक टेप वर्षापूर्वी मला टेबलाखाली सापडली होती. चांगली टेप कुणी नासली, म्हणून मी कचऱ्यात टाकली होती. सुनेनं दुसरी केली होती.

मी बोटं फिरवत गेले. सतरावर थांबले.

"ही गाठ सैल आहे," मी म्हटलं.

"हो, आई."

"सैल गाठ सरकते. सरकली की माप चुकतं. हा सतरावर बोट ठेवील आणि कापड साडेसतरावर कापलं जाईल. शिव्या कुणाला? माझ्या दुकानाला."

"घरी गेल्यावर पक्की करते."

"मी करीन. तुझा हात बटणांवर बसलाय." टेप गुंडाळत म्हटलं, "सोमवारी आठला ये. टेबल पुसून ठेव. तो बोट ठेवील, तू कापशील. कात्री मात्र अजून माझी आहे. तुला मोठी पडेल की नाही, ते आधी बघायचंय."

मास्तर हसला. सून रडली का, मला माहीत नाही. मी तिकडे बघितलं नाही.

दोघांना झोप लागल्यावर मी माझ्या स्वेटरचं वरचं बटण काढलं. एक डोळा मिटला आणि दुसरा काजाला लावला. मास्तरचा एक कान दिसला. तेवढाच. काज सरकवलं तर त्याचे मिटलेले डोळे. आणखी सरकवलं तर सुनेचा हात, त्याच्या कोपरावर झोपेतही घट्ट. सगळं मिळून एकदम काही केल्या दिसेना. विमान उतरेपर्यंत मी तशीच बघत बसले.